तळ्यांतील बेटावरचा बादशहा

सुधारणेचा विषय निघाला कीं, घाई करूं नये, काळ अनुकूल होऊं द्यावा, असा उपदेश करणारांस कधींच तोटा नसतो. हा उपदेश मानल्यानें राज्याची काय दशा होते, हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं चीनच्या छिंग घराण्यांतील क्वांगशू बादशहाचें चरित्र एकवार मनन करावें, अशी आमची विनंती आहे.

१८७५ च्या जानेवारींत तोंगची बादशहा निपुत्रिक वारला. घराण्याच्या रीतीप्रमाणें गादी पुढील पिढींतील मुलाकडे जावयास हवी होती. परंतु तसें झालें असतें तर मृत राजाची आई त्सशी हिचा राजमाता या नात्याचा अधिकार संपला असता. म्हणून तिनें आपल्या बहिणीचा तीन वर्षांचा मुलगा आपल्याच मृत पतीस दत्तक देवविला, त्यास गादीवर बसविलें, आणि पडद्याआडून कारभार चालूं ठेविला. दत्तकाचे कज्जे आम्हीं वकिलीच्या धंद्यांत पुष्कळ पाहिले आहेत. दत्तक हा मयताच्या वंशासाठीं घ्यावयाचा; येथें तो जिवंत बाईच्या सत्तेसाठीं घेतला गेला. वू कदू नांवाच्या अधिकाऱ्यानें १८७९ मध्यें या अन्यायाच्या निषेधार्थ प्राणत्याग केला. पण दरबार हालला नाहीं.

१८८९ मध्यें तरुण बादशहाच्या हातीं कारभार आला खरा, तथापि नेमणुकांची दोरी राजमातेच्याच मुठींत राहिली. पुढें जपानशीं युद्ध झालें. १८६८ पासून ज्या जपाननें आपलें घर नव्यानें बांधावयास घेतलें होतें, त्यानें प्रचंड चीनला धूळ चारली. आणि १८९५ च्या तहान्वयें चीनला तैवान बेट व २० कोटी तैल चांदी द्यावी लागली. १८९७ मध्यें जर्मनीनें च्याओचौचें बंदर बळकाविलें. जुनें जसेंच्या तसें राखल्यानें राज्य राहत नाहीं, हें या बादशहास पटलें, आणि पटलें त्याप्रमाणें तो वागला. हीच त्याची थोरवी होय.

११ जून १८९८ रोजीं त्यानें सुधारणेचें आज्ञापत्र काढिलें. खांग यूवै या विद्वानाच्या सल्ल्यानें त्यानें पुढील १०३ दिवसांत आज्ञांमागून आज्ञा सोडल्या. सरकारी परीक्षांतील ठरीव साच्याचे निबंध बंद करावे, नव्या विद्येच्या शाळा काढाव्या, पेकिंग येथें विद्यापीठ स्थापावें, कामावांचून पगार खाणाऱ्या जागा मोडाव्या, सामान्य प्रजाजनासही बादशहाकडे अर्ज करूं द्यावा, असा त्यांचा आशय होता. असा एक अर्ज अडवून धरल्याबद्दल त्यानें विधिखात्याच्या सहा वरिष्ठ अधिकाऱ्यांस एकदम घरीं बसविलें. मग मात्र ज्यांचीं वतनें धोक्यांत आलीं ते सर्व राजमातेच्या पायांशीं धांवले. २१ सप्टेंबरला तिनें सत्ता पुन्हां हातीं घेतली. २८ सप्टेंबरला सहा सुधारकांचीं मस्तकें न्यायासनापुढें चौकशी न होतांच उडविलीं. बादशहा राजवाड्यानजीकच्या तळ्यांतील यिंगथाय बेटावर बंदिवान झाला. आज्ञा त्याच्या नांवानें निघत, पण त्या त्याच्या नसत.

त्या बंदिवासांतील अपमान सविस्तर सांगण्याचें कारण नाहीं. १९०० सालीं बॉक्सरांच्या बंडाच्या वेळीं दरबारानें अनेक परराष्ट्रांशीं एकदम युद्ध पुकारिलें. त्यास बादशहाचा विरोध होता. पण कैद्याचें कोण ऐकतो? १९०१ च्या करारानें चीनवर ४५ कोटी तैलांचा दंड बसला. तेव्हां कोठें राजमातेचे डोळे उघडले. १९०५ मध्यें तिच्याच राजवटींत त्या जुन्या परीक्षा समूळ रद्द झाल्या, आणि १९०८ मध्यें राज्यघटनेचा आराखडाही जाहीर झाला. म्हणजे ज्या वाटेवर पाऊल टाकल्याबद्दल १८९८ मध्यें सहा माणसें मारलीं, त्याच वाटेनें मारणाऱ्यांस जावें लागलें. मध्यंतरीं गेलेलीं वर्षें मात्र परत आलीं नाहींत.

१४ नोव्हेंबर १९०८ रोजीं बादशहा वयाच्या ३७ व्या वर्षीं वारला, आणि दुसऱ्याच दिवशीं राजमाताही गेली. शंभर वर्षांनीं, २००८ मध्यें, त्याच्या केसांची रासायनिक परीक्षा झाली, तेव्हां तो सोमलाच्या विषानें मेला असें निष्पन्न झालें. विष कोणीं दिलें हें शाबीत झालेलें नाहीं, आणि पुराव्यावांचून कोणावर आरोप ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. १२ फेब्रुवारी १९१२ रोजीं छिंग घराण्यानें राज्यत्याग केला.

क्वांगशूचें चुकलें काय? त्यानें घाई केली, असें कित्येक म्हणतात. आमच्या मतें दोष घाईचा नव्हे. सारी सुधारणा एका माणसाच्या लेखणीस टांगलेली होती. तिच्या पाठीशीं ना सैन्य होतें, ना लोकसभा, ना जागृत प्रजा. लेखणी हिसकावतांच आज्ञा हवेंत विरल्या. उरलें तें पेकिंगचें विद्यापीठ, कारण ती संस्था होती. १९१९ मध्यें राष्ट्राच्या अपमानाविरुद्ध जे विद्यार्थी रस्त्यावर उतरले, त्यांत तेथील विद्यार्थी अग्रभागीं होते. त्या बंदिवान बादशहानें रोवलेलें एक रोप तरी असें लोकांच्या हातीं पडलें, आणि म्हणूनच तें जगलें.