पठ्ठे बापूराव: पांढरपेशा घरातून थेट बोर्डावर

शिमग्यात किंवा गावच्या पूजेला नमन असलं की साडी नेसून, गजरा माळून गवळणी येतात. आत असतो वाडीतलाच एखादा पोरगा. आजीपासून नातवापर्यंत सगळे बघतात, कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. घाटावरच्या तमाशातही एके काळी असंच होतं. बाईचं काम नाच्या पोऱ्या करायचा. खरी खळबळ उडाली ती बोर्डावर खरीखुरी बाई आली आणि तिच्या शेजारी एक ब्राह्मण शाहीर उभा राहिला तेव्हा. तो शाहीर म्हणजे पठ्ठे बापूराव.

मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म ११ नोव्हेंबर १८६६ चा, आताच्या सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्ष या गावी. घरात कुलकर्णी वतन. चार बुकं शिकायची, गावचं दप्तर सांभाळायचं, एवढं आयुष्य आधीच आखून ठेवलेलं. पण पोराचे कान होते ढोलकीकडे. गावात तमाशाचा फड होता, कलावंत दलित वस्तीतले. श्रीधर त्यांच्यासाठी लावण्या रचू लागला, त्यांच्यात बसू-उठू लागला. त्या काळात एवढ्यानंसुद्धा बाटल्याचा शिक्का बसायचा. शेवटी त्यानं वतनाचं काम सोडलं, स्वतःचा फड उभा केला आणि श्रीधरचा पठ्ठे बापूराव झाला.

लिहून देणं वेगळं आणि स्वतः बोर्डावर उभं राहणं वेगळं. लिहिणाऱ्याला पडद्याआड राहता येतं. बापूरावांनी अंगच पणाला लावलं. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जायचा, त्यांच्यासोबत गायचं, प्रवास करायचा, जेवायचं, राहायचं, तेही चारचौघांत. जातीतून बाहेर पडणं त्यांनी उघड्यावर करून दाखवलं.

मग त्यांच्या फडात पवळा आली. संगमनेरजवळच्या हिवरगाव पावसा गावची, महार समाजातली. तमाशाच्या फडावर उभ्या राहिलेल्या पहिल्या स्त्री कलावंतांत तिचं नाव घेतलं जातं. बापूरावांचा शब्द आणि पवळाची अदा अशी जोडी जमली, की मुंबईच्या थिएटरांत गर्दी लोटायची. कोल्हापुरात शाहू महाराजांसमोर त्यांनी ‘मिठाराणी’चा वग केला. गण, गवळण, वग हा साचा जुनाच होता, पण बापूरावांच्या रचनांनी त्यात नवी जान आली. आजही तमाशाचे फड त्यांच्या लावण्या गातात.

इथपर्यंत ही बंडखोर कलावंताची सरळ गोष्ट वाटते. पण १९२७ साली तिला एक वळण मिळालं. महाडच्या सत्याग्रहाचे ते दिवस. तमाशाच्या खेळांचं उत्पन्न सत्याग्रहाला द्यायची तयारी बापूरावांनी दाखवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते पैसे नाकारले. आपल्याच समाजातल्या बायांना नाचवून मिळालेला पैसा त्यांच्या मुक्तीच्या लढ्याला नको, अशी त्यांची भूमिका होती. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, आपल्याच मंडणगड तालुक्यातलं.

हा नकार समजून घ्यायला हवा. बापूरावांनी जात सोडली, तो त्यांचा निर्णय होता आणि त्याबद्दल त्यांचं नावही झालं. पवळाला सोडण्यासारखं काय होतं? नियम दोघांनी मोडला, पण प्रेक्षकांच्या नजरा झेलल्या तिच्या शरीरानं. पुढे दोघांचं फाटलं. पवळाचा शेवट हलाखीत, गावाकडे झाला. बापूरावही २२ डिसेंबर १९४५ रोजी गेले तेव्हा हातात फारसं काही उरलं नव्हतं. तरी १९५० मध्ये सिनेमा आला तो ‘पठ्ठे बापूराव’ या नावाचा.

नंतरच्या कलावंतांनी बापूरावांचा वारसा घेतला, तसा हा प्रश्नही घेतला. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी आंबेडकरी जलसे गाजवले. बाज तमाशाचा, पण बाईचा नाच वगळलेला. शाहीर अण्णा भाऊ साठ्यांनी गणात कष्टकऱ्यांना वंदन केलं, गवळण काढून टाकली आणि लोकनाट्य चळवळीत उतरवलं. दुसरीकडे विठाबाई नारायणगावकरांनी नाचणाऱ्या बाईचं नाव फडाच्या पाटीवर आणलं. खेळ चालू असताना कळा आल्या, आत जाऊन त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही त्यांची गोष्ट तमाशाच्या दुनियेत आजही सांगतात. २०१० मध्ये आलेल्या ‘नटरंग’मध्ये पिळदार अंगाचा गुणा नाच्या होतो आणि त्याची किंमत मोजतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो बघितला असेल.

यूथ फेस्टिव्हलच्या तयारीत सध्या कुठल्या ना कुठल्या कॉलेजात लावणी बसवली जात असेल. मुली नाचतील, मुलगेही नाचतील, शिट्ट्या पडतील. नाचा बिनधास्त. आज हे करताना कुणाला घर सोडावं लागत नाही. फक्त निवेदनात पठ्ठे बापूरावांचं नाव घ्याल, तेव्हा त्यांच्या शेजारी हिवरगावच्या पवळाचंही घ्या. शिट्ट्या तिच्यासाठीही वाजल्या होत्या, आणि त्यांचा हिशेब तिलाच चुकवावा लागला होता.