शेजारी देशांनी घडविलेला सत्याग्रही

गोव्यातील सांखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींना बौद्ध धर्म मुळातून शिकायचा होता. पण पालीची जिवंत परंपरा मायदेशी जवळजवळ लोपली होती. घरदार मागे ठेवून ते १९०२ मध्ये सिलोनला गेले. कोलंबोच्या विद्योदय विहारात सुमंगलाचार्यांकडे शिकले, पुढे ब्रह्मदेशात राहिले. समाजवादाचे वाचन नंतर हार्वर्डमध्ये झाले. अपरिग्रहाचे धडे मात्र त्याआधीच, शेजाऱ्यांच्या विहारांत गिरवून झाले होते. फर्ग्युसनमध्ये पाली शिकविलेले हे पंडित १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. बुद्धाच्या गृहत्यागामागे त्यांनी शाक्य-कोलीय या शेजाऱ्यांतील रोहिणीच्या पाण्याचा तंटा पाहिला. जून १९४७ च्या पहिल्या आठवड्यात, फाळणीची घोषणा झाली त्याच सुमारास, सेवाग्रामला अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला.