पाय मोडला आणि समुद्राची वाट सापडली

पोर्ट, कंटेनर, लॉजिस्टिक्स हे शब्द आपण रोज ऐकतो. पण जहाजांच्या मार्गांचा शास्त्रीय अभ्यास म्हटलं की मला पहिलं नाव आठवतं ते मॅथ्यू मॉरी यांचं.

१८०६ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियात जन्मलेले मॉरी १९व्या वर्षी नौदलात गेले. १८३९ मध्ये घोडागाडीच्या अपघातात पाय मोडला आणि जहाजावरची नोकरी संपली. दुसरा कोणी खचलाच असता. १८४२ मध्ये त्यांना वॉशिंग्टनच्या नकाशा विभागात बसवलं. तिथे जहाजांची जुनी लॉगबुकं धूळ खात पडली होती. कुठल्या महिन्यात, कुठे, कसा वारा आणि कसा प्रवाह, हे त्यांनी त्यातून वेचून काढलं आणि १८४७ पासून नकाशे छापले. कॅप्टनला नकाशा फुकट, बदल्यात त्याने आपल्या प्रवासाच्या नोंदी पाठवायच्या! लांबच्या सफरींचे कितीतरी दिवस वाचू लागले. १८५३ मध्ये ब्रुसेल्सला १० देश जमले आणि नोंदी ठेवायची एकच पद्धत ठरली.

पण १८६१ च्या यादवी युद्धात हेच मॉरी गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेला जाऊन मिळाले. १८७३ मध्ये ते वारले. रिचमंडमधला त्यांचा पुतळा २०२० मध्ये हटवला गेला, आणि मला ते योग्यच वाटतं. हुशारी माणसाला बरोबर बाजू दाखवतेच असं नाही.

त्यांचं काम मात्र शिकण्यासारखं आहे. सबमिशनच्या आदल्या रात्री रीडिंग्ज उतरवणाऱ्यांनी तर जरूर!