मातीच्या बाहुल्या आणि वस्तुसंग्रहालय : डॉ. भाऊ दाजी लाड

मुंबईच्या राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयात मातीच्या मूर्तींची दालने आहेत. शेतकरी, कारागीर, फकीर, पगडी बांधलेले व्यापारी अशी जुन्या मुंबईतील माणसे तेथे वीतभर उंचीची होऊन उभी आहेत. २००८ साली जीर्णोद्धारानंतर हे संग्रहालय पुन्हा खुले झाले आणि लहान मुलांच्या चित्रकलेच्या व हस्तकलेच्या कार्यशाळा तेथे भरू लागल्या. ज्यांचे नाव या वास्तूला आहे, त्या डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या आयुष्याचा आरंभही मातीच्या बाहुल्यांपासूनच झाला होता, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे.

भाऊंचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म १८२२ च्या सुमाराचा, गोव्यातील. घरची अत्यंत गरिबी. मातीच्या बाहुल्या विकून हे कुटुंब गुजराण करीत असे, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. पोटासाठी वडील मुंबईस आले आणि मुलाच्या दैवाचा फासा तेथे पालटला, तोही बुद्धिबळाच्या पटावर. या खेळातील त्याची चमक पाहून गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांनी त्याला इंग्रजी शिक्षण देण्याचा आग्रह वडिलांकडे धरला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी पुढची वाटचाल निर्विवाद आहे. एल्फिन्स्टन संस्थेत भाऊ विद्यार्थी म्हणून चमकले आणि तेथेच अध्यापकही झाले. कच्छ-काठेवाडातील बालिकाहत्येवर निबंध लिहून त्यांनी पारितोषिक मिळवले. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू होताच त्यांनी अध्यापन सोडून पुन्हा विद्यार्थी होणे पत्करले आणि १८५१ साली तेथील पदवीधरांच्या पहिल्या तुकडीत ते बाहेर पडले.

वैद्यकीत त्यांचा लौकिक वेगाने वाढला. श्रीमंतांकडून पैसा येत होता, पण बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह त्यांनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखानाही चालवला. कुष्ठरोगावर देशी वनौषधींचा उपचार शोधण्यासाठी त्यांनी अनेक वर्षे खर्ची घातली. औषधाची घटना गुप्त ठेवल्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. सार्वजनिक कामात ते याच काळात ओढले गेले. १८५२ साली स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस होते. मुलींच्या शाळांसाठी त्यांनी झीज सोसली. १८६२ च्या गाजलेल्या महाराज खटल्यात, समाजाचा रोष ओढवणार हे दिसत असतानाही, करसनदास मुळजी यांच्या बाजूने त्यांनी न्यायालयात साक्ष दिली.

वस्तुसंग्रहालयाचा प्रपंच मात्र साऱ्यांहून चिवट ठरला. मुंबईतील पहिला संग्रह १८५० च्या दशकात कोटातील बराकीत मांडला होता. १८५७ साली उठावाची बातमी आली, लष्कराला जागा हवी झाली आणि जमवलेल्या वस्तू अक्षरशः बाहेर काढल्या गेल्या. त्यांतील बऱ्याच वस्तूंची नासधूस झाली. डॉ. जॉर्ज बर्डवुड, नाना शंकरशेट आणि भाऊ दाजी यांनी हा विषय तेथेच सोडला नाही. १८५८ पासून त्यांनी वर्गणी उभारण्याची खटपट आरंभली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते कोनशिला बसली.

तो काळ मुंबईत पैशाच्या पुराचा होता. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आलेला होता आणि शहर शेअरांच्या सट्ट्याने झपाटले होते. १८६५ साली यादवी संपली, भाव कोसळले आणि पेढ्या बुडाल्या. त्याच वर्षी नाना शंकरशेट निवर्तले. भाऊंचीही बरीचशी कमाई या लाटेत गेली. ज्यांनी वर्गणीचे आकडे घातले होते, त्यांच्यापैकी कित्येकांची स्वतःचीच घरे लिलावाच्या वाटेवर होती. बांधकाम रखडले. अखेर सरकारने भार उचलला आणि २ मे १८७२ रोजी संग्रहालयाची दारे लोकांसाठी उघडली. कोनशिलेपासून साडेनऊ वर्षे लोटली होती.

मधल्या काळात ओढग्रस्तीतही भाऊंचे संशोधन थांबले नाही. कालिदासावर आणि अजिंठ्याच्या शिलालेखांवर त्यांनी लिहिलेले निबंध विद्वानांत मान्य झाले. जुनागढचे तरुण पंडित भगवानलाल इंद्रजी यांना त्यांनी मुंबईस बोलावून घेतले आणि लेखांचे ठसे घेण्यासाठी देशभर पाठवले. १८६९ व १८७१ अशी दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले. पुढे शरीर थकले, पक्षाघाताने ते अंथरुणाला खिळले. ३१ मे १८७४ रोजी, पन्नाशी जेमतेम उलटत असताना, त्यांचा अंत झाला. संग्रहालय उघडून त्या वेळी दोनच वर्षे झाली होती.

मातीच्या मूर्ती तेथे नंतर आल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी जे. जे. कलाशाळेचे प्राचार्य सेसिल बर्न्स यांच्याकडे संग्रहालयाची सूत्रे होती. त्यांच्या काळात हे दालन विशेष समृद्ध झाले. बाहुल्या विकणाऱ्याच्या मुलाने ज्या घरासाठी वणवण केली, त्या घरात मातीच्या बाहुल्यांना मानाची जागा मिळाली. १९७५ साली व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट ही नावे उतरवून त्या वास्तूला भाऊंचे नाव देण्यात आले.

विदर्भातील वाचकांना या कथेत एक आपला धागा सापडेल. मुंबईची कोनशिला बसल्याच्या पुढच्याच वर्षी, १८६३ साली, नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय स्थापन झाले. लोकांनी त्याला अजब बंगला हे नाव दिले, ते आजतागायत टिकून आहे. काटोलपासून हा बंगला साठेक किलोमीटरवर. तालुक्याच्या गावातील मुलांच्या वाट्याला तो येतो तो बहुधा शाळेच्या सहलीत. रांगेने आत जायचे, काचेला हात लावायचा नाही, रांगेनेच बाहेर पडायचे. याच मुलांच्या घरी पोळ्याला मातीचे बैल पुजले जातात आणि तान्ह्या पोळ्याला ती सजवलेले लाकडी नंदी घेऊन गावभर मिरवतात. शिंग कसे वळते, वशिंड कुठे बसते, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

कपाटातील मूर्ती पाहून तशीच मूर्ती स्वतःच्या हाताने घडवू पाहणारे मूल त्या वस्तूकडे कारागिराच्या नजरेने पाहू लागते. बोट कुठे दाबले, पाणी किती घातले, तडा का गेला, हे प्रश्न त्याला पडतात, आणि इतिहासाची गोडी तेथूनच लागते. मुंबईत मुलांसाठी जे होऊ शकले, ते नागपुरात, आणि काटोलच्या एखाद्या शाळेच्या ओसरीवरही, होण्यास मोठ्या निधीची गरज नाही. माती आपल्याकडे आहे, बैल घडवणारे हातही आहेत. भाऊ दाजींना बराकीतून बाहेर काढलेल्या वस्तूंपासून नव्याने सुरुवात करावी लागली होती. आपल्यापुढची अडचण त्या मानाने फारच लहान आहे.