मुलं पाहून लिहिणारे साने गुरुजी

जमीन पाहून आपण वाण ठरवतो. साने गुरुजींनी मुलं पाहून लिहिलं. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, कोकणातल्या पालगडचा. १९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. वसतिगृहही त्यांच्याकडे आलं. तिथल्या मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय’ नावाचं दैनिक काढलं, तेही हातानं लिहून! छापखान्यावाचून काही अडलं नाही. १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक निघालं. १९३० ला नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. पुढं आपल्या पवनारला राहिलेल्या विनोबांची गीतेवरची प्रवचनं १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनीच लिहून घेतली. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ झाली. ११ जून १९५० ला गुरुजी गेले.

या पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. एका रात्री एक गोष्ट. वर्गात रोज एकेका मुलानं मोठ्यानं वाचावी, इतकी सोपी. सिंदी (रेल्वे) भागातल्या सरपंच, ग्रामसेवक आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी पुढच्या बैठकीत एवढंच विचारावं: पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कुणाकडं असते?