पोथ्यांचा वारकरी : डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर

संतांची चरित्रं आपण कीर्तनात नेहमीच ऐकतो. या पानावर एका प्राध्यापकाचं चरित्र वाचावं, माऊलीहो. वीणा गळ्यात घालून ते पंढरीची वाट चालले नाहीत. पण भागवत धर्म किती जुना, आपली मराठी कुठून आली, याचा शोध घेण्यात त्यांनी सारा जन्म घालवला.

भांडारकरांचा जन्म 6 जुलै 1837 रोजी मालवणला झाला. वडील सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांची बदली रत्नागिरीला झाली आणि मुलाला इंग्रजी शाळा मिळाली. पुढं ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. मुंबई विद्यापीठातून 1862 साली पहिले पदवीधर बाहेर पडले; न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि भांडारकर हे दोघंही त्यांत होते.

संस्कृत त्यांनी पुण्याच्या शास्त्रीबुवांपाशी बसून जुन्या पद्धतीनं पक्कं केलं आणि त्याला विद्यापीठाच्या नव्या शिस्तीची जोड दिली. त्यांचं ‘मार्गोपदेशिका’ हे पुस्तक हातात घेऊन कितीतरी पिढ्यांनी संस्कृतचा श्रीगणेशा केला.

वाट सोपी नव्हती. एल्फिन्स्टन कॉलेजात ते संस्कृत शिकवत होते, तरी प्राध्यापकाची कायम जागा विलायतेहून आलेल्या पीटर्सन साहेबांना मिळाली. भांडारकरांना हाताखाली काम करावं लागलं. दुसरा एखादा रुसून बसला असता. यांनी शिकवणं सोडलं नाही आणि अभ्यासही सोडला नाही. 1877 मध्ये त्यांनी विल्सन व्याख्यानं दिली. संस्कृत, पाली, प्राकृत, अपभ्रंश आणि त्यातून आजच्या बोलीभाषा, अशी भाषेची वंशावळच त्यांनी त्यात उलगडून दाखवली. ज्या मराठीला पंडित एके काळी नाक मुरडत, ती त्यात मानानं बसली. पुढं पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते संस्कृतचे प्राध्यापक झाले. 1885 मध्ये जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठानं त्यांना डॉक्टर ही पदवी दिली आणि 1893 मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

सरकारच्या वतीनं ते हस्तलिखित पोथ्या शोधत फिरले. कुठं माळ्यावर, कुठं मठात, कुठं कोनाड्यात पोथ्या पडलेल्या. काही वाळवीनं खाल्लेल्या, काही ओल लागलेल्या. त्या मिळवायच्या, वाचायच्या, त्यांची यादी करायची. ही पोथ्यांची वारीच म्हणायची.

कुणी विचारेल, भांडारकर तर प्रार्थना समाजाचे, मूर्तिपूजा न मानणारे; त्यांचं आपल्याला काय? खरं आहे, ती वाट निराळी होती. पण तुकोबांचे अभंग त्यांच्या जिव्हाळ्याचे होते. समाजाच्या उपासनेत अभंग घेऊन ते निरूपण करत. आणि बोलल्याप्रमाणे वागत. 1891 मध्ये त्यांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह लावून दिला. त्या काळी त्यासाठी केवढा लोकक्षोभ सोसावा लागे, ते सांगायला नको.

1913 मध्ये वैष्णव आणि शैव पंथांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ युरोपात छापला गेला. त्यात विठोबा, नामदेव महाराज आणि तुकाराम महाराज यांना जागा आहे. त्याच ग्रंथात विदिशेजवळच्या बेसनगरच्या गरुडस्तंभाचा दाखला आहे. दोन हजार वर्षांहून जुना हा खांब हेलिओडोरस नावाच्या एका ग्रीक माणसानं वासुदेवासाठी उभारला आणि त्यावर स्वतःला भागवत म्हणवून घेतलं. पंढरपुरी गरुडखांबाला मिठी मारताना ही गोष्ट आठवावी. या धर्मानं परक्यालाही तेव्हापासून जवळ केलं आहे. विठ्ठल हे नाव विष्णू या शब्दावरून कानडी वळणानं आलं, असं त्यांचं मत होतं. त्यावर विद्वानांत वाद आहे, आणि असू द्यावा. शोधानं देव लहान होत नाही.

त्यांच्या नावानं पुण्यात 6 जुलै 1917 रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर सुरू झालं. आपला ग्रंथसंग्रह त्यांनी संस्थेला देऊन टाकला. 1919 मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आरंभ त्यांच्याच हस्ते झाला. ठिकठिकाणच्या पोथ्या जमवायच्या, ओळ ओळ ताडून पाहायची आणि जुना पाठ ठरवायचा, असं ते काम. 1966 मध्ये ते पुरं झालं. भांडारकर तेव्हा नव्हते. 24 ऑगस्ट 1925 रोजीच त्यांनी देह ठेवला होता.

असलं काम आपल्याला नवं नाही. शके 1506 मध्ये नाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती पाहून पाठ शुद्ध केला, म्हणून माऊलींची ओवी आज आपल्या हाती नीट आहे. नाथांनी जे भक्तीनं केलं, त्याचीच शिस्त भांडारकरांनी विद्यापीठात लावली.

म्हणून दोन गोष्टी मागतो, माऊलीहो. घरात फडक्यात बांधलेलं जुनं बाड असेल, तर जीर्ण झालं म्हणून नदीत सोडू नका, जाणकाराला दाखवा. आणि घरातली लेक किंवा नातू संस्कृत, मराठी, प्राकृत शिकायचं म्हणाला, तर पोटापाण्याचं काय असं विचारून त्याला अडवू नका. टाळ-मृदंग सांभाळणारे हात दिंडीत पुष्कळ आहेत. पोथी वाचणारे डोळेही हवेत.

रामकृष्ण हरी!