ग्रंथांस घर देणारा गणिती

१९२४ सालीं मद्रास विश्वविद्यालयानें गणिताचे अध्यापक शियाळी रामामृत रंगनाथन् यांस ग्रंथपाल नेमलें. विद्यार्थ्यांत रमणारे रंगनाथन् त्या ओस ग्रंथालयाच्या एकांतास थोड्याच दिवसांत कंटाळले व आपणांस पुन्हां वर्गावर पाठवावें अशी विनंती करूं लागले. आधीं इंग्लंडांत जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून यावें, मग पाहूं, असें ठरलें.

लंडनांत त्यांस रूढ वर्गीकरणांतील उणीव दिसली. विषयांचे खण आधींच आंखलेले; नवा विषय निघाला कीं त्याची ओढाताण होई. एके दिवशीं एका मोठ्या दुकानांत त्यांनीं ‘मेकॅनो’ हें खेळणें पाहिलें. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू. पण जुळणी बदलतांच निराळी वस्तु तयार! (बालवाचकांस हें सांगावयास नकोच.) विषयहि असेच जुळवितां येतील, हें त्यांनीं ताडलें. भाताचें पीक, त्यावरील रोग, उपाय, स्थळ, काळ, असे घटक सुटे करून त्यांचीं चिन्हें अपूर्णविरामाच्या दोन टिंबांनीं जोडावयाचीं, कीं पुस्तकास त्याची जागा मिळाली. ही ‘कोलन’ पद्धति १९३३ सालीं प्रसिद्ध झाली. आज संगणकावर माल धुंडाळतांना रंग, माप, किंमत आपण वेगवेगळीं निवडतों, तीहि याच जातीची रीत.

मद्रासचें तें ग्रंथालय रंगनाथन् यांनीं वीस वर्षें सांभाळलें. परत वर्गावर जाण्याचें मात्र राहूनच गेलें.